बालगंधर्वांच्या तबकड्या

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी नववीच्या वर्गात आम्ही बालगंधर्वांचे एक जुने गाणे लावले होते. आरंभीचे ऑर्गनचे सूर ऐकून वर्ग शांत होता, परंतु गाण्याचा पहिला शब्द उमटताच मागील बाकांवर खसखस पिकली, आणि एका विद्यार्थ्याने धीर करून विचारले, "सर, ह्या बाई कोण?" गाणारे गृहस्थ पुरुष होते असे आम्ही सांगितले, तेव्हा जो हशा झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत पोहोचला. आम्हांस राग आला नाही, वाईट मात्र वाटले. ज्या मुलाने आपल्या जळगावात गाण्याचे पहिले धडे घेतले व पुढे सर्व महाराष्ट्रास वेड लावले, त्याच्याविषयी येथल्याच मुलांस काही ठाऊक नसावे, हा दोष मुलांकडे जात नाही. तो आम्हां शिक्षकांकडे, व काही अंशी पालकांकडे, येतो. त्या दोषाची थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहो.

जळगावातील बालगंधर्व खुले नाट्यगृह आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. ते नाव तेथे का, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. बालपणी काही काळ ते शिक्षणासाठी जळगावास नातलगांच्या घरी राहिले होते, आणि येथेच मेहबूबखान नावाच्या गवयापाशी त्यांना संगीताची पहिली तालीम मिळाली. पुढे पुण्यास लोकमान्य टिळकांनी या लहान मुलाचे गाणे ऐकून त्यास 'बालगंधर्व' म्हटले, व तेच नाव जन्मभर राहिले. नावांची मौज अशी की १९०७ साली याच जळगावास भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलास 'बालकवि' ही पदवी मिळाली. हे बालकवि पुढे रेव्हरंड टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले व १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून अकाली गेले. एकच गाव दोन 'बालां'शी जोडले गेले. एकाचे बालपण येथे आकारास आले आणि दुसऱ्याचे तारुण्य येथे संपले.

नारायणरावांचे रंगभूमीवरील आयुष्य १९०५ साली सुरू झाले. किर्लोस्कर नाटक मंडळीचे विख्यात नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारल्यापासून त्या मंडळीस नायिकेची भूमिका करील असा गोड गळ्याचा नट हवा होता. त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. शकुंतला, सुभद्रा या सर्व भूमिका पुरुषच करीत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा या मुलावर लोभ होता. कानाच्या औषधोपचारानिमित्त ते मिरजेस असता किर्लोस्कर मंडळीशी संबंध जुळला आणि शकुंतलेच्या वेषात ते प्रथम लोकांपुढे उभे राहिले. कानाच्या दुखण्यामुळे गायकाचे भाग्य उघडावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

यापुढील हकीकत नाट्येतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकात त्यांनी भामिनी केली. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१३ साली टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्यातील रुक्मिणीच्या पदांना भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाने चाली दिल्या होत्या, आणि हेच नाटक बालगंधर्वांच्या गायनाचे शिखर, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांतलेच. १९१९ साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सिंधू त्यांनी केली. भरजरी शालू नेसून मिरवणाऱ्या या नटाने दारुड्या नवऱ्याच्या गरीब बायकोचे फाटके लुगडे अंगावर घेतले, तरी प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पाणी खळत नसे. दुर्दैव असे की तो प्रयोग पाहण्यास गडकरी हयात नव्हते. नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीच, जानेवारी महिन्यात, ते वारले होते.

'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाची एक गोष्ट नेहमी सांगतात. तो दिवस १२ मार्च १९११ चा. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे सर्वांस वाटत असता, आलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून ते रंगभूमीवर उभे राहिले व हसऱ्या भामिनीचे काम त्यांनी पार पाडले. कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट मुलांस सांगण्याचा प्रघात आहे. आम्हीही पूर्वी ती तशीच सांगत असू. परंतु स्वतः बाप झाल्यापासून ती सांगताना आमची जीभ अडखळते. त्या रात्री घरी बसलेल्या त्या मुलीच्या आईचे काय झाले असेल, हे कोणत्याच पुस्तकात आमच्या वाचनात आले नाही. गोष्ट खरी आहे व मोठीही आहे. तथापि ती ऐकताना टाळी वाजवावी की मान खाली घालावी, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

पैशाच्या बाबतीत हा मनुष्य अव्यवहारी होता, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खरे दागिने, खऱ्या जरीचे शालू, अत्तरे, मखमली पडदे यांवर मंडळीची मिळकत पाण्यासारखी जाई. १९२० साली 'द्रौपदी' नाटकाच्या सजावटीवर अतोनात खर्च झाला आणि मंडळीवरील कर्ज लाखाच्या घरात गेले. त्या काळी लाख रुपये म्हणजे काय, हे घरातील वडील माणसांस विचारावे. असे असूनही १९२१ च्या जुलै महिन्यात, टिळक स्वराज्य फंडास मदत व्हावी म्हणून, प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग केला व आपल्या दारी सावकार उभे असता त्याचे उत्पन्न देशकार्यास दिले. पुढे कित्येक वर्षे गावोगाव नाटके करून त्यांनी ते कर्ज फेडले. उधळेपणा आणि सचोटी एकाच माणसात इतकी शेजारी शेजारी नांदताना क्वचितच दिसतात.

आता आम्ही मूळ विषयाकडे, म्हणजे तबकड्यांकडे, येतो.

आमचे आजोबा धुळ्यास मिशनच्या शाळेत मराठी शिकवीत. ते नाटकगृहाची पायरी कधी चढले नाहीत. त्या काळच्या ख्रिस्ती घरांत नाटकास जाणे शिष्टसंमत नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर अनेक हिंदू घरांतील वडीलधाऱ्यांचेही मत याहून निराळे नव्हते. कुलीन स्त्रियांना तर घराबाहेर पडून रात्रभर नाटक पाहणे बहुधा अशक्यच असे. परंतु जो आवाज नाटकगृहात होता तो तबकडीवर बसून माजघरात आला. तबकडीस उंबरठ्याची आडकाठी नव्हती. आजोबांनी हाताने किल्ली देण्याचा एक जुना फोनो विकत घेतला होता, आणि त्याबरोबर दहा-बारा तबकड्या. रविवारी फोनोस विश्रांती असे. शनिवारी सायंकाळी मात्र गुरांचा गोठा झाडून झाल्यावर आजी ओसरीच्या दाराआड बसे, आजोबा सुई बदलीत, आणि नारायणराव गाऊ लागत. आजीने नारायणरावांस पाहिले नव्हते, त्यांचे छायाचित्रही पाहिले नव्हते. ती म्हणे, "हा माणूस सासुरवाशिणीचं दुःख कुठं शिकला असेल?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आजतागायत सापडलेले नाही.

ही तबकडी कशी तयार होई, ते विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास आरंभ १९०२ साली कलकत्त्यास झाला. गोहरजान या गायिकेचे गाणे तेव्हा मुद्रित झाले. त्या वेळी वीज वा मायक्रोफोन काही नव्हते. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. त्याच्या आवाजाने एक पातळ पडदा कापे, पडद्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर नागमोडी रेघ कोरी, आणि त्या रेघेवरून पुढे ठसे बनत. ठसे बनविण्याचे काम आरंभी जर्मनीत होत असे. तेथील कारागिरांस गायकाची ओळख पटावी म्हणून गायक गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. १९२५ नंतर मायक्रोफोन आला व कर्णा गेला. विकावयाची तबकडी मात्र पूर्वीप्रमाणेच लाखेची असे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक बारीक किडा जी लाख करतो तीच ही लाख. तीत दगडाची भुकटी व काजळी मिसळून तबकडी छापीत. सातपुड्यात पळस पाहिलेल्या आमच्या मुलांस हे ऐकून नवल वाटते, आणि वाटावेच.

दहा इंची तबकडी मिनिटास सुमारे ७८ फेरे घेते आणि तिच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. गायकाची खरी अडचण येथे होती. नाटकगृहात बालगंधर्वांचे एक पद 'वन्स मोअर' मिळत मिळत पाव तास, अर्धा तास चाले. दर खेपेस तेच शब्द निराळ्या वळणाने येत. संगतीस तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष, अशी मातबर मंडळी. तो सगळा पसारा तीन मिनिटांत आणावयाचा म्हणजे समुद्र तांब्यात भरण्यापैकीच काम! डोळे गेले, हातवारे गेले, शालू गेला, प्रेक्षकांचा श्वास गेला. मग तबकडीवर उरले काय?

आमचे उत्तर असे की शब्द उरला, आणि तो शब्द उच्चारण्याची रीत उरली. 'स्वयंवरा'तील 'नाथ हा माझा' हे यमन रागातील पद घेऊन पाहावे. प्रथम ऐकताना रागाचा विचार करू नये, फक्त शब्द ऐकावे. एकही अक्षर सुराखाली दडपलेले नाही, हे लक्षात येईल. दुसऱ्यांदा ऐकताना हाताने ताल धरावा आणि ते समेवर कसे येतात तिकडे लक्ष द्यावे. सामान्य गायक समेवर उडी घेतो. हे जणू घरातल्या माणसाने घरात यावे तसे समेवर येतात. तिसऱ्यांदा ताना ऐकाव्या. त्या आखूड आहेत. भास्करबुवांच्या शिष्यास लांब ताना घेता येत नव्हत्या असे नव्हे. परंतु रुक्मिणी आपल्या मनातील गोष्ट सांगत असता तिने किती बोलावे, याचा विवेक त्या गळ्यास होता. एवढे झाल्यावर मग ऑर्गन व सारंगी आवाजाच्या मागोमाग कशी चालतात, तेही ऐकावे.

हळुवार गाण्याची कीर्ती पुढे अमेरिकेत बिंग क्रॉस्बी (१९०३–१९७७) यास मिळाली. मायक्रोफोनाजवळ तोंड नेऊन, जणू एकाच श्रोत्याच्या कानात सांगावे तसे गाण्याची रीत त्याने लोकप्रिय केली, आणि आमच्याकडील भावगीत गायकांसही त्याच यंत्राचे साहाय्य झाले. बालगंधर्वांस ऐन उमेदीच्या काळात ते साहाय्य नव्हते. नाटकगृहातील शेवटच्या बाकावरील माणसास ऐकू जावे आणि तरी ओरडणे होऊ नये, ही कसरत त्यांनी नुसत्या गळ्यावर साधली. क्रॉस्बीची गाणी आम्हांस आवडतात, त्यांत कमीपणा काही नाही. परंतु यंत्राने दिलेला हळुवारपणा आणि यंत्रावाचून मिळविलेला हळुवारपणा यांत अंतर आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

आमच्या हातून घडलेला एक अपराध येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू. मे महिन्याची सुट्टी होती, आणि खानदेशातील मे महिना म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. आजोबांच्या तबकड्यांपैकी एक आम्ही अंगणात खेळण्यास नेली व तेथेच फरशीवर विसरलो. दुपारी चार वाजता पाहतो तो तबकडी पापडासारखी वाकलेली! 'स्वयंवरा'तील जे पद आजीस सर्वांत प्रिय होते, नेमके तेच त्या तबकडीवर होते. आजोबांनी ती दोन पाट्यांमध्ये घालून वर वरवंटा ठेवला. काही उपयोग झाला नाही. कोणी रागावले नाही. आजीने फक्त विचारले, "आता ते गाणं मला कोण म्हणून दाखवील?" पुढे वर्षभरात ती वारली. आता तेच गाणे भ्रमणध्वनीवर बोट लावताच ऐकू येते, खरखरही बरीच काढून टाकलेली असते. आजोबांच्या तबकडीवर मात्र एक चीर होती. फेऱ्यागणिक 'टक्' असा आवाज येई, मिनिटास ७८ वेळा. तो नसला की आम्हांस गाणे अपुरे वाटते. ही रसिकता नव्हे, केवळ सवय होय, हे आम्ही जाणतो.

त्यांच्या उत्तरायुष्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. बोलपट आले आणि नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली बालगंधर्वांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. १९३७ साली 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. पडद्यावर त्यांस रंगभूमीचे यश लाभले नाही. कारण उघड आहे: ज्यांस ते 'मायबाप' म्हणत तो प्रेक्षक यंत्रापुढे नव्हता. पुढे त्यांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. या बाई बालगंधर्वांच्याच ढंगाने गात. ज्या पुरुषाने स्त्रीच्या भावना गाऊन दाखविल्या, त्याच्याच गायकीचे वळण एका स्त्रीने उचलावे, हे पाहिले म्हणजे आमच्या वर्गातील "ह्या बाई कोण?" हा प्रश्न तितकासा हसण्यासारखा राहत नाही.

वृद्धपणी त्यांचे पाय अधू झाले. बसल्या जागी ते भजने गात. मान थोडे उशिराने आले: १९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक, १९६४ साली पद्मभूषण. पुण्यास त्यांच्या नावाचे रंगमंदिर बांधावयाचे ठरले, तेव्हा १९६२ साली भूमिपूजन खुद्द त्यांच्याच हस्ते झाले. परंतु १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले आणि रंगमंदिराचे उद्घाटन पुढील वर्षी त्यांच्या जन्मदिनी झाले. त्यांच्या गायनाचा शोध मात्र थांबला नाही. कुमार गंधर्वांसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या गवयाने 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावाने त्यांची पदे नव्याने गाऊन दाखविली. नक्कल न करता आदर कसा करावा, हे ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनी मूळ तबकडी व कुमारांचे गायन एकापाठोपाठ ऐकावे. २०११ साली त्यांच्या चरित्रावर मराठी चित्रपटही निघाला. तो पाहण्यास हरकत नाही, मात्र आधी तबकडी ऐकावी.

नववीच्या वर्गाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. हशा ओसरल्यावर आम्ही काही न बोलता तेच गाणे पुन्हा लावले व एवढेच सांगितले की, ही स्त्री कोणाशी बोलत आहे व तिला काय हवे आहे, ते ओळखून कागदावर लिहा. तीन मिनिटे कोणी हसले नाही. पस्तीस कागदांपैकी वीस-बावीस कागदांवर काही तरी विचार करून लिहिलेले होते. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने लिहिले होते, "ती रागावलेली नाही, पण तिला भीती वाटते." हे उत्तर बरोबर की चूक, यावर शिक्षकांच्या खोलीत आमचा बराच वाद झाला.

पालकांस शेवटी एक विनंती आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा तबकड्या अजून असतील. त्या भंगारात देऊ नयेत. एकावर एक रचून ठेवल्यास तडकतात, म्हणून पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्या. धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. स्पिरिट मुळीच लावू नये, त्यात लाख विरघळते. शाळेत एक जुना फोनो दुरुस्त करून ठेवला आहे; ज्यांस आपली तबकडी ऐकावयाची असेल त्यांनी ती शनिवारी दुपारी मुलांबरोबर पाठवावी. मात्र मे महिना लागण्यापूर्वी पाठवावी, आणि कापडात गुंडाळून.